मेंढा (लेखा): जिथे मतदान होत नाही

गडचिरोलीहून धानोऱ्याची एसटी पकडायची आणि धानोरा यायच्या थोडं आधी उतरायचं. रस्ता साधारण ३० किलोमीटरचा. आदर्श गाव म्हटलं की स्वागतकमान, रंगवलेल्या भिंती, पेव्हर ब्लॉक असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मेंढ्यात ते शोधू नका. कौलारू घरं, कुंपणं आणि गावाला लागूनच जंगल. गावाचं नाव गाजलं ते ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे. ग्रामविकासाचे आराखडे वाचणं हा माझ्या कामाचाच भाग. त्यातले कितीतरी तालुक्याच्या ठिकाणी बसून भरलेले असतात, हे एव्हाना कळून चुकलंय. म्हणून इथलं सरकार चालतं कसं, ते बघायचं होतं.

सुरुवात झाली ती धरणांच्या विरोधातून. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रकल्पांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. आदिवासी नेते लालश्याम शहा आणि बाबा आमटे त्यात पुढे होते. त्यातून मेंढ्याच्या गोंड मंडळींना प्रश्न पडला की जंगल वाचवायचं, तर ते सांभाळायचं कुणी? हा विचार पुढे नेणारे दोघं: देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून अभ्यासाला आलेले. त्या काळात गावाने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: अभ्यासगट आणि ग्रामसभा. अभ्यासगटात नुसती चर्चा, तिथे बाहेरचा जाणकारही चालतो. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि तोही मतदानाने नाही, सर्वसहमतीने. एकाला जरी पटलं नाही, तरी विषय पुढच्या सभेवर जातो.

मला हे जरा गोडगोड वाटलं. सर्वसहमती म्हणजे गप्प बसलेल्यांची मुकी संमती तर नव्हे? अंगणात मोह वाळत घालणाऱ्या एका ताईंना तसं विचारलं. त्या हसल्या. “नाही बोललं तर घरी येऊन विचारतेत जी. मंग बोलाच लागते.” माझी शंका पुरती गेली नाही, पण आमच्या सोसायटीच्या सभेत तरी कुणी घरी येऊन विचारत नाही.

दुपारी एका भाऊंबरोबर जंगलात गेलो. बांबूच्या बेटाला इथे रांजी म्हणतात. त्यांनी कोयत्याच्या टोकाने दाखवलं: हा यंदाचा, अंगावर अजून पापुद्रे आहेत, याला हात लावायचा नाही. हा जुना, याचा हिरवा रंग मळकट झालाय, हा चालेल. तोड जमिनीला टेकवून करायची नाही, खालचं पेर ठेवून त्याच्या वर करायची. रांजी सगळीकडून ओरबाडायची नाही, नव्या कोंबांना आधार म्हणून काही जुने बांबू उभे ठेवायचे. मी एकाकडे बोट दाखवून “हा?” म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. पापुद्रा माझ्या नजरेतून सुटला होता.

हे जंगल, सुमारे १,८०० हेक्टर, वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सामूहिक हक्कात गावाकडे आलं. देशातल्या अगदी पहिल्या अशा हक्कांपैकी हा एक. पण हक्क मिळाला तरी बांबू गाडीत भरता येईना. १९२७ च्या वन कायद्यात तेव्हा बांबू म्हणजे झाड होतं (ती व्याख्या २०१७ मध्ये बदलली), २००६ च्या वनहक्क कायद्यात तोच गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल असा. आणि वाहतूक परवान्याशिवाय माल हलत नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून तोड ग्रामसभेची, विक्री ग्रामसभेची, मजुरीही तिच्याच हातून. आणि काही वाटा गावाच्या कोषात.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आधी निधी येतो, मग समिती बनते आणि मग भांडणं. इथे निर्णय घ्यायची सवय आधी लागली, मोठा पैसा वीसेक वर्षांनी आला. उलटं झालं असतं, तर बांबूच्या पहिल्याच ट्रकवरून गाव फुटलं असतं. अर्थात, मेंढा जवळजवळ एकाच समाजाचं, लहान गाव. शिवाय पाठीशी एवढं जंगल. पाच हजार वस्तीच्या, चार गटांच्या गावात हेच जसंच्या तसं उतरेल, असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

२०१३ मध्ये गावाने आणखी मोठी उडी घेतली. १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली सगळ्यांनी आपापल्या शेतजमिनी ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसणारा तोच राहतो, पण जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. स्वतःचा सातबारा सोडायला माणूस एका बैठकीत तयार होत नाही. किती बैठका झाल्या, असं दोघा-तिघांना विचारलं. प्रत्येकाचा आकडा वेगळा निघाला.

जाणार असाल तर ग्रामसभेला आधी कळवा. कॅमेरा घेऊन थेट घरात शिरणाऱ्या पाहुण्यांना लोक कंटाळलेत. बांबूची तोड बघायची असेल तर पावसाळा टाळा. तेव्हा कोंब फुटतात आणि कोयते घरीच असतात.