पाचशेचं नाणं, गावाची गस्त

आमच्या गावात दाराला कुलूप असेल किंवा नसेल, पण दाराशेजारी एक डबडं टांगलेलं असतंच. कुणाचं दूधपावडरचं, कुणाचं बांबूच्या पेराचं. बहुतेकांनी मात्र पाण्याचा प्लास्टिकचा पेला भिंतीला खिळ्याने ठोकून भागवलेलं आहे. त्यात रोज संध्याकाळी पाचशे रुपयांचं नाणं टाकायचं. घाबरू नका, हे रुपये इंडोनेशियाचे. आपल्या हिशेबाने अडीच-तीन रुपये. पूर्वी नाण्याऐवजी मूठभर तांदूळ असायचे आणि काही गावांत अजूनही असतात. रात्री गस्तीवरची माणसं घरोघर फिरून हा ऐवज पिशवीत ओततात. या सगळ्याला म्हणतात जिम्पितान.

जावा बेटाच्या दक्षिण भागात योग्याकार्ता शहर आहे आणि त्याच्याही खाली समुद्रापर्यंत बांतुल जिल्हा पसरलाय. तिथे मी भाड्याने राहतो. आल्या आल्या मला वाटलं होतं की ही गावाची वर्गणी आहे. आहेही. त्यातून गल्लीतले दिवे लागतात, आजाऱ्याला भेटायला जाताना हातात काहीतरी नेता येतं, सतरा ऑगस्टच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, आधी गावच्या कमानीला लाल-पांढरा रंग बसतो. पण वर्गणीच गोळा करायची तर महिन्याला एकदम पंधरा हजार घेतले असते की! रोज रात्री दारोदार नाणी वेचत फिरायचा उपद्व्याप कशाला?

उपद्व्याप अशासाठी की गस्त घालणारा माणूस झोपाळू असतो. चौकीत बसून गप्पा हाणणार, पहाटे घरी जाणार आणि सकाळी सांगणार, सगळीकडे फिरलो, शांतता होती. डबडं त्याला प्रत्येक दारापर्यंत जायला लावतं. सकाळी एखाद्या डबड्यात नाणं तसंच पडलेलं दिसलं, तर काल गस्त त्या घरापर्यंत पोचलीच नाही हे बायका विहिरीवर, हल्ली व्हॉट्सॲपवर, जाहीर करतात. आणि उलटही खरं. गस्तवाल्याला एखादं डबडं लागोपाठ रिकामं मिळालं तर तो वसुली करत नाही, चौकशी करतो. म्हातारी पडली का? मुलगा शहरातून पैसे पाठवायचा थांबला का? तीन रुपयांत दोन्ही बाजूंनी हजेरी! हे ज्याने काढलं त्याचं डोकं अफाट असलं पाहिजे.

गस्तीला म्हणायचं रोंडा. घरटी एक पुरुष, आठवड्याचा एक वार ठरलेला. माझा गुरुवार. आपल्याकडे जागल्या होता, पण ते वतन. एका घराण्याने जागायचं आणि बाकीच्या गावाने घोरायचं. इथे शाळामास्तर, गवंडी, शेतकरी, सरकारी कारकून, सगळ्यांनी पाळीपाळीने जागायचं. दांडी मारली तर दंड. दंड भरून मोकळं होणारे असतात, पण त्यांच्याबद्दल चौकीत जे बोललं जातं ते दंडापेक्षा महाग पडतं.

चौकी म्हणजे चार खांबांवरचं कौलारू छप्पर आणि खाली बसायला फळ्या. कोपऱ्यात लाकडी केंतोंगान लटकतो. फणसाच्या लाकडाचा, हातभर लांब ओंडका आतून पोखरून काढलेला, पोटाला एक उभी चीर. दांडक्याने ठोकला की आवाज भातखाचरं ओलांडून शेजारच्या गावात जातो. आमच्या चौकीत वर्षानुवर्षांच्या धुराने तपकिरी झालेला एक पत्रा आहे. त्यावर ठोक्यांची भाषा रंगवलीय. एकेक ठोका म्हणजे खून, दोन-दोन म्हणजे चोरी, तीन-तीन आग, चार-चार नैसर्गिक संकट, पाच-पाच म्हणजे गुरांची चोरी. माणसांच्या घरातली चोरी वेगळी आणि गोठ्यातली वेगळी, हे मला फार आवडलं. इथल्या शेतकऱ्याकडे बहुधा अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी जमीन असते, तेव्हा गोठ्यातली गाय हीच त्याची बँक. ती गेली म्हणजे मुलीचं कॉलेज गेलं. अशा घटनेला स्वतंत्र ठोके हवेतच.

गस्तीचं कौतुक एवढ्यावरच थांबवलेलं बरं, कारण खरी गस्त अर्ध्या-पाऊण तासाची. बाकीची रात्र डॉमिनो, उकडलेल्या शेंगा, अर्धवट तळलेलं लिबलिबीत तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि आल्याचा कढत गोड काढा. खांद्यावरून लुंगीसारखं सारोंग आडवं घ्यायचं म्हणजे थंडीही वाजत नाही आणि डासही लांब राहतात. विषय दोनच, खताचा भाव आणि न आलेला माणूस.

मालमत्ता म्हणून दाखवण्यासारखं इथल्या घरांत काय असतं? पुढच्या खोलीत, सोफ्याशेजारी, फरशीवर मोटरसायकल. दिवसा अंगणात आणि रात्री घरात. पाहुणा आला तर तिच्या आरशाला टोपी अडकवतो. कपाटात थोडं सोनं. घराभोवती परसबाग, तिच्यात नारळ, केळी, पपई, कसावा आणि कुणाच्या आहेत हे फक्त त्यांनाच ठाऊक अशा कोंबड्या. भिंतीचं कुंपण कमीच, बरेचदा जास्वंदीची नाहीतर कसल्यातरी झुडपांची रांग. शेजारचं काय शिजतंय ते नाकाला कळतं आणि शेजारी कोण आलंय ते डोळ्यांना.

जमिनीच्या कागदांचंही तेच. कित्येक पिढ्या इथे मालकी म्हणजे गावच्या कचेरीतल्या 'लेटर सी' नावाच्या वहीतली नोंद आणि शेजाऱ्यांची आठवण. जोको विडोडो अध्यक्ष असताना २०१७ पासून गावंच्या गावं मोजून पक्की प्रमाणपत्रं द्यायला मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर सरकारने देशभर एका दिवसात दहा लाख हद्दीच्या खुंट्या रोवायची मोहीम काढली. पण खुंटी रोवायची कुठे? जिथे शेजारी हो म्हणेल तिथे. बांधाला लागून असलेल्यांच्या संमतीची सही लागते. म्हणजे उपग्रह, मोजणीयंत्र, रंगीत नकाशा सगळं झालं तरी शेवटी गाडं पलीकडच्या घरातल्या आजोबांपाशी येऊन थांबतं. त्यांच्याशी पाच वर्षांपूर्वी कोंबडीवरून भांडला असाल तर बसा.

२७ मे २००६ ला सकाळी सहा वाजायच्या आत बांतुलमध्ये भूकंप झाला. मिनिटभरही हलली नाही जमीन, पण आसपासच्या भागात मिळून साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली. मेली ती बहुतेक विटांच्या घरांत. पैसे साठवून, आयुष्यभराची हौस म्हणून बांधलेल्या, पण आत लोखंड नसलेल्या भिंती अंगावर आल्या. बांबूच्या तट्ट्यांची गरिबाची घरं बऱ्याच ठिकाणी उभी राहिली. माझी घरमालकीण, जिला मी बू म्हणजे बाई म्हणतो, ही गोष्ट भाजी निवडता निवडता सांगते. "चोराची भीती म्हणून आम्ही विटा घेतल्या," एवढं म्हणते आणि देठ बाजूला टाकते. त्या सकाळी कोण कुठल्या खोलीत झोपतं हे शेजाऱ्यांना माहीत होतं, म्हणून कुठे उकरायचं तेही माहीत होतं. मदतपथकं यायच्या आधी ज्यांना बाहेर काढलं, त्यांना शेजाऱ्यांनीच काढलं.

आता याची दुसरी बाजू. शेजाऱ्याला सगळं माहीत असतं म्हणजे सगळंच माहीत असतं. गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे, पाहुण्यांनी चोवीस तासांच्या आत कळवावे. दहा-पंधरा घरांपासून काहीशे माणसांपर्यंतचा हा शेजारगट, त्याचा प्रमुख, त्याच्याकडची नोंदवही, ही रचना जपान्यांनी १९४४ मध्ये लष्करी राजवटीत गावावर नजर ठेवायला आणली. जपानी गेले, वही राहिली. पुढे हुकूमशहा सुहार्तोंच्या काळात तिला आणखी धार आली. आणि गावाला संशय आला की हीच गस्त भयानकही होते. १९९८ मध्ये जावाच्या पूर्व टोकाच्या बान्युवांगीत करणी करतात म्हणून कित्येकांना ठार मारलं, काळ्या कपड्यांतल्या 'निंजां'ची अफवा उठली, आणि रात्री वाट चुकलेल्या अनोळखी माणसाला गस्तवाल्यांनी अडवलं तर त्याची खैर नव्हती. आजही दुचाकीचोर पोलिसांच्या आधी गावाच्या हाती लागला तर पोलिसांना फारसं काम उरत नाही. चौकीत याच्या गोष्टी हसत सांगतात. मला त्या वेळी काढ्याचा घोट गिळता येत नाही.

राहता राहिला तुयुल. कुलूप, गस्त, ठोके, कशालाच न जुमानणारा हा एकमेव चोर. टकला, उघडा, लहान मुलाएवढा, डोळ्यांना न दिसणारा. पाळणाऱ्या माणसासाठी तो शेजाऱ्यांच्या पेटीतून नोटा पळवतो. उपाय सोपा आहे. पैशांजवळ जिवंत खेकडा ठेवायचा. तुयुल शेवटी पोरच, खेकड्याशी खेळत बसतो आणि चोरी विसरतो. बँकेत तो का जात नाही, हे मी एकदा चौकीत विचारलं. गवंडी असलेला एकजण म्हणाला, "पाक (म्हणजे साहेब), तिथे टोकन घेऊन थांबावं लागतं."

हसण्यावारी नेलं तरी तुयुलचा आळ कुणावर येतो ते बघण्यासारखं आहे. ज्याच्याकडे एकाएकी पैसा आला, आणि कुठून आला ते गावाला सांगता येत नाही, त्याच्यावर. म्हणून इथे श्रीमंत होणाऱ्याला जरा बेतानेच व्हावं लागतं. आमच्या पलीकडच्या गल्लीत एकाने ऑनलाइन धंद्यात बरे पैसे केले, गाडी घेतली, दाराला रिमोटचं फाटक आणि कॅमेरे लावले. चौकीत दोन गुरुवार कुजबुज झाली. तिसऱ्या आठवड्यात त्याने सगळ्या गल्लीला जेवण घातलं, केंतोंगानवरचं छप्पर स्वखर्चाने शाकारलं आणि गुरुवारच्या गस्तीत नाव दिलं. फाटकाबाहेर, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, त्याने डबडंही ठोकलंय. त्यात पाचशेचंच नाणं असतं, जास्त नाही. मात्र गस्तीला येताना तो सोतो म्हणजे कोंबडीचं सार आणि भाताची पुडकी घेऊन येतो, त्यामुळे हल्ली गुरुवारी कुणी दांडी मारत नाही, आणि बुधवारवाले आपला वार बदलून मागताहेत.