तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतल्या कॉफीबद्दल

कोकणात वळणावळणाला चहाची टपरी असताना गाडीत कॉफीचा खटाटोप कशाला? दाभोळच्या फेरीबोटीसाठी रांगेत थांबलेली माणसंसुद्धा आमची कॅम्पर व्हॅन बघून हेच विचारतात. आजवर मी 'चवीसाठी' म्हणून सुटत आले. ते अर्धंच खरं आहे.

रात्री फिल्टर भरून ठेवते. पहाटे डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तयार असतं, दूध तेवढं तापवायचं. सुरूच्या बनात मतलई वारा सुटलेला असतो, घरचे झोपलेले असतात आणि माझ्याकडे कुणाचं काही मागणं नसतं. मला तो अर्धा तास हवा असतो, टपरीवर तो मिळत नाही. त्यासाठी पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन वाहते, कारण किनाऱ्यावरच्या कितीतरी विहिरींचं पाणी मचूळ. पावडर दमट हवेत गोळा होते, म्हणून छोट्या डब्यांत भरते. विजेची किटली घ्या म्हणणाऱ्यांना सांगते, 1500 वॅटची किटली 12 व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरच्या वर ओढते. आमच्या बॅटरीचं ते काम नव्हे. म्हणून गॅस.

आता वेळणेश्वरचं सांगते. दोन वर्षांपूर्वीचा जून. पाऊस समुद्राकडून आडवा येत होता, म्हणून खिडक्या लावल्या, छताची झडपही लावली. कॉफी झाली, पण ओले कपडे वाळावेत म्हणून शेगडी बारीक करून तशीच ठेवली. पाऊण तास असेल. वरच्या बर्थवरून लेक म्हणाला, "आई, डोकं दुखतंय." नऊ वर्षांचा होता. मला वाटलं, कालची घाटातली वळणं बाधली. आलेपाकाची वडी दिली. त्याला उलटी झाली. पुसायला उठले तर माझेच पाय लटपटले, तरी शेगडी डोक्यात आली नाही. नवऱ्याने उठून दार ढकललं आणि आम्ही तिघं पावसात उभे राहिलो. लेकाला मी धरलं होतं आणि त्याची मान माझ्या खांद्यावर नुसती पडली होती.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "शेगडी आत पेटलेली होती का?"

वीस वर्षं गॅस वापरतेय, वास आला असता तर कळलं असतं, असं मी तेव्हा तावातावाने म्हणाले. वास गळणाऱ्या गॅसला येतो, कारण तो त्यात मुद्दाम घातलेला असतो. कोंडलेल्या जागेत हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि त्याला वास नसतो. हे मला माहीत नव्हतं. झडप लावणारा हात मात्र माझाच होता.

आता शेगडी बाहेर, पत्र्याच्या आडोशाला. आत अलार्म लावलाय. पाऊस असला की टपरीवरचा चहा पिते, आणि तो चांगला असतो. नवरा म्हणतो, एवढं झाल्यावर शेगडी गाडीत हवीच कशाला? त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. शेगडी मात्र मी काढलेली नाही.

पहाटे फिल्टरचं झाकण वाजलं की लेक वरून विचारतो, "शेगडी बाहेर आहे ना?" मी हो म्हणते. तरी तो वाकून बघतो.