एमसीबी पडत नाही, टॉप मात्र जळतो

टॉप, म्हणजे वायरच्या टोकाचा तीन पिनांचा प्लग, जळाला की लोक आधी दुकानात जातात, हाताला येईल तो नवा टॉप आणतात आणि तोही जळाला की मग वायरमनला फोन करतात. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या अण्णांनी मला बोलावलं तोवर गिझरचा टॉप बदलून बदलून तेही कंटाळले होते. काकींनी तर नवीन गिझरचं मनावर घेतलं होतं.

अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी दारातच प्रश्न टाकला, "एमसीबी एकदाबी पडली न्हाई बघ. करंट जास्त जात असता तर पडली असती का न्हाई?"

एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका. त्यामुळे प्रश्न अगदी बरोबर होता, आणि घोळ तिथंच होतो. करंट जास्त नव्हताच. क्लॅम्प मीटर लावून दाखवला. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, तेवढाच घेत होता. पॉइंट १६ अँपिअरचा, एमसीबीही १६ची. एमसीबीला फक्त किती करंट जातोय ते कळतं, वाटेत कुठे काय तापतंय ते कळत नाही. पिन आणि सॉकेट यांच्यात पकड सैल होऊन पाव ओहमचा जरी अडथळा आला, तरी पावणेनऊ अँपिअरला तिथे १९ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे रोज सकाळी गिझर चालू असेपर्यंत प्लॅस्टिकच्या पोटात जवळपास एक सोल्डर पेटलेला. मग ते वितळणार नाही तर काय होणार?

अण्णांनी जळालेले सगळे टॉप डब्यात जपून ठेवले होते. (फिटर माणूस काही फेकत नाही.) मी पिशवीतून दोन नवे काढले आणि डायनिंग टेबलावर पेपर पसरून सगळे खोलले. काकी म्हणाल्या, "माझ्या मिक्सरचा तेवढा सोडा."

जळालेल्या प्रत्येकात एकच खूण होती. न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन बऱ्यापैकी स्वच्छ, फेजची काळीनिळी. त्या बाजूच्या वायरचं इन्सुलेशन पापडासारखं कडक होऊन बोटानं मोडत होतं. एका टॉपात स्क्रूखाली जेमतेम निम्म्याच तारा होत्या. उरलेल्या कुणीतरी भोकात मावत नाहीत म्हणून कापून टाकल्या होत्या. असलं काम बघितलं की माझं डोकं फिरतं.

मग अण्णांनी कपाटातून चुंबक आणि व्हर्निअर काढला. सगळ्यात स्वस्तातल्या टॉपाच्या पिना चुंबकाला खटकन चिकटल्या. पितळ चिकटत नाही, म्हणजे आत लोखंड आणि वर नुसता पिवळा मुलामा. लोखंड वीज वाहायला पितळेपेक्षा कमी, आणि बाथरूमच्या वाफेत मुलामा गेला की गंजतं. गंज धरला की अडथळा अजून वाढतो. दुसऱ्याच्या पिना पितळेच्याच, पण पोकळ. पत्रा गुंडाळून केलेल्या, आतला सांधा डोळ्यांना दिसत होता. माझ्याकडच्या चांगल्या टॉपाच्या पिना भरीव. तो नुसता तळहातावर घेतला तरी वजनात फरक कळत होता. चुंबकाला त्यातलेही दोन स्क्रू लागले, पण स्क्रू स्टीलचे असले तर हरकत नाही, बघायची ती पिन.

व्हर्निअरनं तर अण्णा खूशच झाले. १६ अँपिअरच्या टॉपाच्या फेज-न्यूट्रलच्या पिना साधारण ७.१ मिलिमीटर जाड हव्यात, अर्थिंगची ८.७. त्या स्वस्तातल्या टॉपाची फेजची पिन ६.७ भरली. "आमच्यात अशी पिन दिली असती तर साहेबानं परत फेकली असती," अण्णा म्हणाले. अर्ध्या मिलिमीटरला काय होतं, असं ज्याला वाटतं त्यानं ती पिन सॉकेटमध्ये घालून हलवून बघावी.

खरा गुन्हेगार मात्र अजून भिंतीत होता. मेन बंद करून, टेस्टरनं खात्री करून सॉकेट काढलं. आतली फेजची पट्टी तापून तापून मऊ पडली होती, पिनेला चिमटा घ्यायची ताकदच उरली नव्हती. अशा सॉकेटमध्ये सोन्याची पिन घातली तरी ती तापेल. आणि उलटही खरं आहे: बारीक, गंजकी पिन चांगल्या सॉकेटची वाट लावते. म्हणून टॉप वितळला असेल तर मी दोन्ही बदलतो. निम्मं काम करून घ्यायचं असेल तर दुसरा वायरमन बघा, असं तोंडावर सांगतो. काही गिऱ्हाईकं जातात. जाऊ देत.

नवं सॉकेट, नवा टॉप आणि वायरचं जळकं टोक कापून तांबं चकचकीत लागेपर्यंत नवं सोललेलं. टॉप घेताना आयएसआयच्या खुणेवर आयएस १२९३ (प्लग-सॉकेटचं भारतीय मानक) आणि खाली सीएम/एल, म्हणजे परवान्याचा नंबर बघितला. तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कुणाचा ते कळतं. अण्णांना ते फारच आवडलं. टॉपात वायर धरून ठेवणारी क्लिप असते, ती बरेच जण लावतच नाहीत. मग कुणी वायर ओढली की सगळा ताण स्क्रूवर. ती आवळली, गिझर चालू केला, पाणी तापेपर्यंत चहा झाला. गिझर बंद करून टॉप काढला, पिनेला बोट लावलं तर जेमतेम कोमट.

नंतर घरभर फेरी. फ्रीज ठीक होता. इस्त्री ६ अँपिअरच्या मल्टिप्लगात खोचलेली, आणि त्यात कुठल्याही देशाची पिन बसते म्हणून काकींना त्याचं भारी कौतुक. ज्यात सगळंच बसतं त्यात काहीच घट्ट बसत नाही. तो मी काढून ठेवला, काकी जरा फुगल्या.

अण्णा मात्र दुसऱ्या दिवशी चुंबक खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि काउंटरवरचा एकेक टॉप तपासू लागले. दुकानदाराचा मला फोन: "आरं, ह्यांना तू पाठवलंस काय? मागं गिऱ्हाईक खोळंबलंय!"