पुरंदरच्या ओढ्यातलं शृंगी घुबड

जेजुरी मागे टाकून पिंगोरीकडे निघालं की दोन्ही बाजूंना बोडके डोंगर, बाभळी आणि मधेच ज्वारीची हिरवी पट्टी. शृंगी घुबडाला असाच मुलूख मानवतो. माळ, खोल ओढे आणि दिवसभर बसायला दरडीतली कपार.

ज्यांच्या शेतात मी उतरले होते ते दादा मला दिवस मावळायच्या आधीच ओढ्यावर घेऊन गेले. वाटेत जुनी विहीर लागली. आमची चाहूल लागताच आतले पारवे असे फडफडत उठले की दचकायला झालं. ओढ्याशी पोचल्यावर दादा म्हणाले, "ताई, बॅटरी नका लावू. तो समोरच हाय."

दरडीवरून दोनदा घुमारा आला, "बूऽ बूऽ", आणि तो मोठा पक्षी पंख पसरून आमच्या डोक्यावरून ज्वारीवर गेला. चांगला हाताच्या अंतरावरून म्हणावं इतका खाली. वारा पडलेला होता, कान टवकारलेले होते, तरी काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

सकाळी दरडीखाली त्याचं एक गळलेलं पीस सापडलं, पंखाच्या अगदी बाहेरच्या कडेचं. उजेडात धरलं तर पुढच्या कडेला बारीक, वळलेल्या दात्यांचा कंगवा स्पष्ट दिसत होता. मागची कड विस्कटलेल्या झालरीची, आणि वरून बोट फिरवलं तर दाट, मऊ लव. ग्रॅहम नावाच्या ब्रिटिश वैमानिकाने 1934मध्ये घुबडाच्या मूक उड्डाणाचं श्रेय याच तीन गोष्टींना दिलं होतं. दाते पुढून येणाऱ्या हवेचे मोठे भोवरे होऊ देत नाहीत, झालर मागे सुटणारी हवा सौम्य करते, लवेमुळे पिसं एकमेकांवर घासली तरी आवाज होत नाही. त्यात वजनाच्या मानाने पंख मोठे, म्हणून घाईने फडफडावं लागत नाही. उरतो तो हलका, खालच्या पट्टीतला आवाज. दोन हजार हर्ट्झच्या वरचा जवळजवळ नाहीसाच होतो. उंदराचे कान नेमके वरच्या पट्टीत तिखट. शिवाय स्वतःच्या पंखांचा गोंगाट नसल्याने उडता उडता घुबडालाही पाचोळ्यातली खसखस टिपता येते. मला यातलं हे दुसरं कारण जास्त विलक्षण वाटतं.

मासे खाणाऱ्या घुबडांकडे पाहिलं की हे मूक उडणं शिकारीसाठीच आहे हे आणखी पटतं. पाण्यातल्या माशाला वरच्या पंखांचा आवाज कुठला पोचायला! त्यांच्या पिसांना हा कंगवा जवळजवळ नसतोच आणि त्यांचं उडणं ऐकूही येतं.

पीस होतं तिथेच ठेवलं. कायद्याने ते घरी नेता येत नाही. शेजारीच घुबडाने ओकून टाकलेल्या केसाळ गोळ्या पडल्या होत्या. दादांनी काडीने एक फोडली. आत उंदराचा जबडा, नारिंगी सुळसुळीत दातांसकट. पाठोपाठ दुसरी फोडली, तिच्यातही तेच.

"लोक याला अशुभ म्हणत्यात," दादा म्हणाले, "पण माझ्या ज्वारीची राखण फुकटात कोण करतंय, ते बघा की."