कनकेश्वर: आजीच्या वाटचा सोमवार

श्रावणातला एक तरी सोमवार आजी अलिबागजवळच्या डोंगरावर, कनकेश्वर महादेवाला जायचीच. यंदा गुडघे चालेनात. मापगावात पायथ्याशी ओळखीच्यांच्या ओट्यावर ती बसली आणि माझ्या हातात तांब्या देत म्हणाली, "माझ्या वाटचं तू चढ. देवाच्या पायरीला विसरू नकोस." चपला तिच्यापाशीच ठेवल्या.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. दगडी पायऱ्यांवरून पाण्याचे ओहोळ वाहत होते, कडेला शेवाळ. राघोजी आंग्र्यांच्या दिवाणांनी १७६४ साली बांधलेला हा मार्ग, पायऱ्या सातशेच्या घरात. अनवाणी चढताना गार दगड तळव्यांना आधी बोचतो, मग बरा वाटू लागतो. नागोबाच्या टप्प्यापर्यंत मी भराभर गेलो आणि तिथे छाती भरून आली. मागून नऊवारी नेसलेल्या एक आजी आल्या. "हळू रे बाळा, देव कुठे जात नाही," म्हणाल्या आणि माझ्या पुढे निघून गेल्या. मग मी त्यांच्याच चालीने चढलो. पाच-पंचवीस पायऱ्या, थांबायचं, "हर हर महादेव," पुन्हा पाच-पंचवीस. माझी आजी अशीच चढत असणार. तिच्या सोमवारांत मी कधी सोबत आलो नव्हतो, याचं फार वाईट वाटलं.

देवाच्या पायरीवर फुलं, हळदकुंकू, वर पावसाचं पाणी. डोकं टेकवलं, तर कपाळाला ओला दगड लागला. एकदा माझ्यासाठी, एकदा तिच्यासाठी.

पुढे गायमांडीचा टप्पा, मग झाडी विरळ होत धुकं. वर देवळाजवळचं तळं, पुष्करणी, दिसलं आणि थकवा विसरलो. रांग बरीच होती, पण कुणाची कटकट नाही. पिंडीवर तांब्यातलं पाणी घातलं, बेल वाहिला. उतरताना क्षणभर ढग सरले आणि खाली हिरवी भातशेतं, त्यापलीकडे समुद्र दिसला. खांदेरी-उंदेरीचे जलदुर्ग शोधेपर्यंत पुन्हा सगळं झाकलं गेलं.

आजी तिथेच बसली होती. प्रसादाचं बेलाचं पान तिने पदराच्या टोकाला बांधलं, माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "तळं भरलंय का रे काठोकाठ?"

"भरलंय आजी."

"मग बरं झालं," म्हणाली, आणि चपला पुढे सरकवल्या.