अंडी एकाच आकाराची हवीत

न्याहारीला पुढ्यात आलेली दोन उकडलेली अंडी एकाच आकाराची नसतील, तर हर्क्युल पॉयरोच्या कपाळाला आठी पडते. घरातल्या कोणाचेही जेवणातले चोचले खपवून न घेणारी माझी आत्या रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्तीच्या या बेल्जियन गुप्तहेराचे मात्र सगळे चालवून घेते. ‘अगाथा ख्रिस्तीज पॉयरो’ ही मालिका आमच्याकडे इतक्या वेळा लागून गेली आहे, की खुनी कोण हा प्रश्न आता कोणालाच पडत नाही. वाद होतात ते निराळ्याच गोष्टींवरून.

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर जानेवारी १९८९ मध्ये सुरू झालेली ही मालिका नोव्हेंबर २०१३ मध्ये संपली. एवढ्या काळात सत्तर भाग झाले आणि सगळ्यांत पॉयरो एकच, डेव्हिड सुशे. पहिल्याच भागात क्लॅपहॅममधली एक गृहिणी आपली स्वयंपाकीण नाहीशी झाल्याची तक्रार घेऊन येते आणि एवढ्या क्षुल्लक कामासाठी आपल्याकडे यावे, याचा पॉयरोला आधी अपमान वाटतो. आत्याला तो भाग अतिशय प्रिय आहे. ‘स्वयंपाकीण जाणे ही क्षुल्लक गोष्ट आहे असे ज्याला वाटते, त्याने चार दिवस घर चालवून पाहावे,’ असे ती दर वेळी म्हणते, आणि मूळ कथेत क्षुल्लक कामाला कमी लेखू नये याची आठवण म्हणून पॉयरोने त्या प्रकरणातला एका गिनीचा धनादेश चौकटीत बसवून भिंतीवर टांगला होता हे सांगितल्यावर तिला न्याय मिळाल्यासारखे वाटते.

आत्या मालिकेच्या पहिल्या दशकाच्या पक्षातली. लंडनच्या चार्टरहाउस स्क्वेअरमधली फ्लोरिन कोर्ट ही १९३६ सालची इमारत पडद्यावर ‘व्हाइटहेवन मॅन्शन्स’ म्हणून दिसू लागली, तिची ती वळणदार भिंत आली, की आत्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसते. आत पॉयरोचा भोळसट पण दिलदार मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज असतो, फायलींच्या कपाटाची राखण करणारी सचिव मिस लेमन असते आणि हॅट हातात धरून इन्स्पेक्टर जॅप दारात उभा असतो. २००१ नंतर ही तिन्ही माणसे मालिकेतून जवळजवळ दिसेनाशी झाली, प्रकाश मंदावला आणि पॉयरो एकटा पडला. ‘मेल्यांनी सगळा अंधार करून ठेवलाय,’ हा त्यावर आत्याचा अभिप्राय.

माझा थोरला भाऊ पुस्तकांच्या पक्षातला. तो मांडीवर कादंबरी उघडी ठेवून मालिका पाहतो आणि बदललेले प्रत्येक पात्र, गाळलेला प्रत्येक धागा शिक्षकाने वही तपासावी तसा टिपतो. उत्तरार्धातल्या भागांवर त्याचा विशेष राग आहे, आणि तो अनाठायी आहे असेही मला म्हणता येत नाही. मात्र त्याला एक गोष्ट मी वारंवार ऐकवते. ख्रिस्तीने पॉयरोच्या तेहतीस कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या अवघ्या आठांत हेस्टिंग्ज आहे. १९२३ च्या दुसऱ्या कादंबरीतच त्याचे लग्न जुळते आणि पुढे तो अर्जेंटिनात संसार थाटतो. मिस लेमन पुस्तकांत भेटते ती यंत्रासारखी अचूक आणि तितकीच कोरडी. म्हणजे व्हाइटहेवन मॅन्शन्समधले ते ऊबदार बिऱ्हाड बऱ्याच अंशी मालिकावाल्यांनीच मांडले. त्या बदलावर भावाने कधी ब्र काढलेला नाही. आपल्याला आवडला तो बदल आपण बदलात धरतच नाही.

आमच्यातली सर्वांत मोठी खडाजंगी झाली ती २०१० च्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ या भागावरून. १९३४ च्या मूळ कादंबरीत पॉयरो खुनाच्या कोड्याची दोन उत्तरे पुढे ठेवतो आणि शांतपणे बाजूला होतो. पडद्यावरचा पॉयरो मात्र संतापतो, त्या आगगाडीतल्या सहप्रवाशांवर ओरडतो आणि शेवटी हातात जपमाळ घट्ट धरून, डोळ्यांत पाणी घेऊन, बर्फातून चालत जातो. आत्या उठून स्वयंपाकघरात गेली. भावाने पुस्तक मिटले. इस्तंबूलच्या रस्त्यावर एका स्त्रीला दगडांनी मारण्याचा प्रसंग त्यात घातला आहे, तो मलाही उपराच वाटतो. पण जपमाळ आवळणारी ती बोटे मी विसरू शकले नाही. ज्याला टायवरची सुरकुती सहन होत नाही, त्याच्या पदरात असा हिशेब पडला, ज्याच्या दोन्ही बाजू कधीच जुळणार नाहीत, तर त्याचे काय होईल, हे कादंबरीत वाचताना माझ्या मनात आले नव्हते.

हे पेलले ते सुशेमुळे. पॉयरोच्या सवयींची त्याने त्र्याण्णव कलमांची यादी करून ठेवली होती, आणि ती लगबगीची, आखूड पावलांची चाल साधावी म्हणून तो नितंबांमध्ये नाणे धरून चालण्याचा सराव करीत असे. (हे कळल्यापासून आत्या ती चाल जरा अधिकच निरखून पाहते.) ख्रिस्तीची कन्या रोझलिंड हिक्स यांनी त्याला बजावले होते, की प्रेक्षकांनी पॉयरोबरोबर हसावे, पॉयरोला हसू नये.

माझी स्वतःची तक्रार कोणाच्याच यादीत नाही. ‘हिकरी डिकरी डॉक’ ही १९५५ ची कादंबरी लंडनमधल्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात घडते आणि तिथे चंद्रलाल, गोपाळराम असे भारतीय विद्यार्थीही राहतात. मालिकेने बहुतेक कथा १९३० च्या दशकात नेऊन बसवल्या, त्यात ही कथाही गेली आणि त्या विद्यार्थ्यांची खोली रिकामी झाली. तीसच्या दशकात लंडनला शिकायला भारतीय जात नव्हते की काय! त्यांच्या जागी आपल्याला मिळतो तो बायको गावाला गेल्यामुळे पॉयरोच्या घरी मुक्कामाला आलेला जॅप. तो हौसेने मांसाचे गोळे आणि शिजवून घोटलेले वाटाणे रांधतो, आणि ते ताट समोर येताच पॉयरो प्रकृतीची अशी काही सबब काढतो की आत्या डोळे पुसेपर्यंत हसते. माझी तक्रार तेवढ्यापुरती विरघळते, हे कबूल करायला हवे.

अखेरचा ‘कर्टन’ हा भाग, ज्यात पॉयरोचा मृत्यू होतो, तो आत्याने आजवर पाहिलेला नाही. सुशेनेही मृत्यूचा तो भाग आधी चित्रित करून टाकला आणि पॉयरो म्हणून आपला शेवटचा दिवस डेव्हनमधल्या ग्रीनवे या ख्रिस्तीच्याच घरी, ‘डेड मॅन्स फॉली’साठी घालवला, हे मी तिला गेल्या आठवड्यात सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘मग बरोबर आहे. आपण तोच लावू. आणि येताना चहा टाक.’