दोघांचं एक तिकीट

दुपारी जुन्या पंचांगांचा गठ्ठा रद्दीत काढताना जाड पुठ्ठ्याचं एक तिकीट खाली पडलं. भुसावळ स्टेशनावरच्या वजनाच्या मशीनचं. कुठल्याशा नटीचा पुसट चेहरा, ११२ किलो, आणि हिंदीत भविष्य : आपण शांत स्वभावाचे आहात.

११२ किलो म्हणजे मी आणि मामा. अमळनेरच्या गाडीला वेळ असला की मामा मला घेऊन त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांसमोर उभा राहायचा. दोघांत नाणं एकच. चाक थांबलं की टाकायचं. आत खडखड, मग खट्, की तिकीट बाहेर. "माझं ऐंशी, उरलं ते तुझं." मामाचं ऐंशी वर्षानुवर्षं ऐंशीच. वाढायचो तो मीच. आई पुराव्यादाखल माझ्या बरगड्या दाखवायची.

जाडा माणूस हसरा, बारका कुढा, हे आपल्याकडे वैद्याच्या वात-पित्त-कफापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळ्यांनाच ठाऊक असतं. जर्मनीत क्रेश्मरने १९२१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे अमेरिकेत विल्यम शेल्डनने माणसाला तीन आकड्यांत बसवलं : गोलाई, स्नायू, सडपातळपणा, प्रत्येकी १ ते ७ गुण. पुरा गोल तो ७-१-१, नुसती काडी ती १-१-७. हे वाचल्यापासून मला खोडच लागलीय. हिवाळ्यात शेतात भरताची पार्टी असली, की कळण्याची भाकरी मोडता मोडता मी समोरच्या पंगतीला गुण देत बसतो. मला स्वतःला २-१-६. गावी गेलो की कोणीतरी "काय रे भो, वाळी गया!" म्हणतंच, आणि एवढा वाळलेला म्हणजे कविता करत असणार, असंही धरून चालतात. मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले.

शेल्डनने २०० तरुण तपासले, तर शरीर आणि स्वभाव अगदी छत्तीस गुणांनी जुळले. गोम अशी, की शरीराचे गुण देणारा तोच आणि स्वभावाचेही तोच. शिकवणी घेणाऱ्या मास्तरनेच पेपर तपासावा, तसं.

मामा ६-३-१. शेल्डनच्या हिशेबाने ऐसपैस, मनमिळाऊ, खाण्यात रमणारा. खाण्यापुरतं बरोबर. एरवी शेवभाजीला तर्री कमी पडली तर ताट सरकवून उठणारा माणूस. शेवटच्या वर्षी आजारात पार गळाला, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. त्या वर्षात एकदाही चिडला नाही. आम्ही घाबरलो ते तेव्हा. शेल्डनचं म्हणणं होतं, माणसाचा आकडा जन्मभर बदलत नाही.

तिकीट उलटसुलट करून पाहिलं. ११२ तून ८० गेले, राहिले ३२. पण ते ८० मामाचे. आणि शांत स्वभाव कोणाच्या वाट्याचा, ते मशीनने लिहिलं नव्हतं.

रद्दीवाला खालून हाका मारत होता. पंचांगं तेवढी दिली.